हातापायातली ताकद गेली तर वायर वरची गेलीय की खालची, हे कसं ओळखायचं

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) पेशंट सापडायला लागले तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंचे दोन्ही पाय गेले, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात बाबांना स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. बघायला येणारे सगळे दोघांनाही पॅरालिसिसच म्हणायचे, पण काकूंचा पाय उचलला की ओल्या टॉवेलसारखा लोंबायचा आणि बाबांची मूठ इतकी घट्ट की नखं तळहातात रुतायची. असं का, ते नीट कळलं की काळजी घेणं खूप सोपं जातं म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, तोंड अचानक वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, बोलणं अडखळलं तर घरी काहीही तपासत बसू नका, 108 ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पायातून वर वर चढत जाणारा अशक्तपणा असेल तरी लगेच हॉस्पिटल, कारण श्वासाचे स्नायूही जाऊ शकतात.

आता वायरिंग समजून घ्या. सबस्टेशनपासून गल्लीतल्या डीपीपर्यंत एक लाइन आणि डीपीपासून घरापर्यंत दुसरी, तसंच आहे हे. मेंदूच्या वरच्या थरातून निघून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो तो अप्पर मोटर न्यूरॉन, यातले बहुतेक तंतू मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात, म्हणून बाबांचा बिघाड डाव्या मेंदूत आणि लुळी पडली उजवी बाजू. मज्जारज्जूतून थेट स्नायूत जातो तो लोअर.

पहिल्यांदा हात किंवा पाय सैल सोडायला सांगून हळू वाकवून बघा, मग जरा पटकन. पटकन वाकवल्यावर अडकतो, कडक लागतो, तर वरची लाइन. लुळा, काहीच विरोध नाही, तर खालची. पण स्ट्रोकनंतर सुरुवातीचे काही दिवस, कधीकधी काही आठवडेसुद्धा वरच्या बिघाडातही हात लुळाच असतो, बाबांचाही होता, त्यामुळे घाईने ठरवू नका.

मग गुडघा. पाय लोंबतील असं उंच टेबलावर बसवा, वाटीच्या जस्ट खाली तळहाताच्या कडेने हलकं मारा, पाय झटक्याने पुढे उडतो. हा झटका मेंदूला विचारून येत नाही, निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. म्हणून खालची वायर गेली की झटका येतच नाही, काकूंचा येत नव्हता. वरची लाइन एरवी या झटक्याला ब्रेक लावून ठेवते, ती गेली की ब्रेकच गेला, पाय जोरात उडतो. काही धडधाकट लोकांचा झटका मुळातच कमी-जास्त असतो, तेव्हा दोन्ही बाजूंची तुलना करा.

तिसरं, स्नायू किती वाळलाय. वाटीपासून सारख्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्यांना टेप लावा. खालची वायर गेली की काही आठवड्यांतच पोटरी बारीक होते, कधी कातडीखाली वळवळ दिसते (नुसती पापणी फडफडली म्हणून घाबरू नका). वरच्या बिघाडात वाळणं कमी आणि हळू. दोन्ही प्रकारची लक्षणं एकत्र दिसली तर न्यूरोलॉजिस्टला उशीर करू नका, एएलएससारख्या (हळूहळू वाढत जाणारा नसांचा आजार) आजारात दोन्ही वायरी जातात.

तळव्यावरून बोथट वस्तू ओढून अंगठा वर जातो का बघायची टेस्ट, 1896 ची, बाबिन्स्की यांची, ती डॉक्टरांवरच सोडा.

रोजच्या कामात याचा उपयोग असा, की बाबांना आम्ही मूठ दाबायला बॉल देत होतो, फिजिओनी तो बंद करायला लावला, म्हणाल्या मूठ आधीच मिटलेली आहे, उघडायला शिकवा. आता रोज सकाळी कोमट पाण्यात हात ठेवून आधी मनगट खाली वाकवतो, मग अंगठा बाजूला घेतो आणि एकेक बोट हळू सरळ करतो, झटका देऊन ओढलं तर मूठ आणखी आवळते. शेवटी गुंडाळलेला रुमाल आत ठेवतो, नखं लागत नाहीत.