जॅझच्या रेकॉर्ड आणि मैफली: या चुका टाळा

माझ्या मावसभावाने शिकागोहून परतताना त्याचा जुना रेकॉर्ड प्लेअर मला आणून दिला. ११० व्होल्टचा होता, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरही घेतला. नाशिकला कॉलेज रोडच्या आमच्या घरी पहिली एलपी (मोठी, लाँग-प्ले रेकॉर्ड) लावली आणि जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन जड, संथ, काहीसा उदास वाजू लागला. मला तो फार आवडला. सहा महिने मी तसाच ऐकला. मग एका रविवारी शेजारचे काका चहाला आले. ते तबला शिकवतात. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "अगं, पियानोचा नाद कसा विरतोय ते ऐक. इतका लांबतो का कधी? तुझी चकती हळू फिरतेय."

चकती खरंच हळू फिरत होती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. जुन्या प्लेअरच्या बऱ्याच मोटरी या हर्ट्झवरच आपला वेग धरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात आणि सगळं संगीत षड्ज ते कोमल गंधार एवढ्या अंतराने खाली उतरतं. पांढरी चारमधलं वाजवणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. दुरुस्तीवाल्याने बेल्ट बदलला, तेल घातलं, काही फरक पडला नाही. शेवटी मोटरवरची पुली ५० हर्ट्झची बसवली तेव्हा कोल्ट्रेन खरे कसे वाजवतात ते मला पहिल्यांदा कळलं.

परदेशातून प्लेअर आणणार असाल तर हे आधी बघा. आणून झाला असेल तर लेबलवर कागदाचा छोटा कपटा चिकटपट्टीने लावा आणि घड्याळ समोर ठेवून तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर १०० भरायला हव्यात. ८३ भरल्या तर भानगड हर्ट्झची. ९८ किंवा १०२ भरल्या तर बेल्ट सैल झालाय किंवा वेगाचा स्क्रू थोडा फिरवायला हवा.

दोष मशीनचा की रेकॉर्डचा?

वेग जुळला की माणूस हार्मोनियम घेऊन सूर तपासायला बसतो. मीही बसले. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत लावली तर पहिली बाजू किंचित चढी आणि दुसरी अगदी सुरात. पुन्हा प्लेअर उघडायची गरज नव्हती. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप मशीन जरा हळू चाललं होतं, म्हणून ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या आहेत, दुसरी बाजू २२ एप्रिलची. ही चूक १९९२ सालच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. म्हणजे तीसेक वर्षं जगभरच्या हौशी वादकांनी त्या रेकॉर्डबरोबर वाजवायचं म्हणून आपली वाद्यं चढवून घेतली असतील. वेग तपासायला ही बाजू वापरू नका.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगते. आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा येत असेल तर वायर ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स'मध्ये गेली आहे. तिला 'फोनो'ची, म्हणजे खास रेकॉर्ड प्लेअरसाठीची जागा हवी, ती नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प हवा. एकसारखी घुंऽऽ ऐकू येत असेल तर प्लेअरची बारीक अर्थिंगची तार जोडायची राहिली आहे. आणि पिन उड्या मारते म्हणून आर्मवर रुपयाचं नाणं ठेवू नका. नाणं तीन-चार ग्रॅमचं, आणि बहुतेक पिनांना दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्या वजनाखाली झाडूसारख्या ब्रशने हळुवार वाजवणारा ड्रमर दोन-चार ऐकण्यांत खरवडून निघतो. उडी मारण्याचं कारण बहुधा धूळ असते, नाहीतर टेबल सपाट नसतं.

अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड आणि आपला पावसाळा

ही चूक मला आजही बोचते. देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्याची आवराआवर चालली होती, तिथून मला अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, दहा-बारा जुन्या रेकॉर्ड मिळाल्या. त्यात एक टेडी वेदरफर्ड यांची होती. शिकागोत नाव कमावलेले हे पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचे, पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ साली तिथेच वारले. कलकत्त्यात त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी ती एक. नाशिकच्या दोन-तीन पावसाळ्यांची बुरशी तिच्यावर चढली होती. एलपीवर चालतं म्हणून मी कापसाने स्पिरिट लावलं. कापूस काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती रेकॉर्डच.

अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला विचारा, तो रोज तेच करतो. या रेकॉर्डना डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश, बस. ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं आणि सावलीत उभी वाळवायची.

पिनही वेगळी लागते. लाखेच्या रेकॉर्डची खाच एलपीपेक्षा दुपटीहून रुंद. एलपीची पिन तिच्या तळाशी घसटत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. 'रेकॉर्ड गेली' म्हणून टाकून देण्याआधी अठ्ठ्याहत्तरची पिन लावून बघा. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका, पोलादी सुई ती एका फेरीत संपवते.

पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आडव्या थप्पीने तळच्या वाकतात. जाड, मऊ, चकचकीत पीव्हीसीची कव्हरं काढून टाका. एप्रिलच्या उन्हाळ्यात ती रेकॉर्डला चिकटतात आणि कायमचा धुरकट डाग सोडतात. आणि खरेदी करून येताना रेकॉर्ड उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून जेवायला थांबू नका.

नाव बघून घेणं

पूर्वी मी कव्हरवरचं मोठं नाव वाचून रेकॉर्ड घ्यायची. जॅझमध्ये कव्हरची मागची बाजू आधी वाचावी: कोण कोण वाजवतंय, कोणत्या तारखेला, कुठे. 'काइंड ऑफ ब्लू'वर पियानो बिल एव्हान्स यांचा, पण 'फ्रेडी फ्रीलोडर' या एकाच रचनेत विंटन केली बसलेत. तेवढ्याने पूर्ण खोलीची हवा बदलते. हे एकदा कानाने टिपलं की पुढची खरेदी आपोआप ठरते: मी विंटन केलींच्या मागे लागले, त्यांच्यामुळे ड्रमर जिमी कॉब यांच्या. अशी माळ ओवत गेलं की दोन वर्षांत चाळीस रेकॉर्ड होतात आणि चाळीसही ऐकलेल्या असतात.

ऑनलाइन विक्रेत्यांच्या यादीत 'व्हीजी' (व्हेरी गुड) लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'फार छान' असा घेऊ नका, खरखर आणि चरे स्पष्ट ऐकू येतील असा घ्या. शांत संगीताला निदान 'व्हीजी प्लस' हवं. नव्या, रंगीत, १८० ग्रॅमच्या स्वस्त युरोपियन आवृत्त्यांनाही लगेच भुलू नका. १९६३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं तिकडे हक्कमुक्त झाली, म्हणून कुणीही ती छापतं, अनेकदा सीडीवरून उतरवून. वजनाने आवाज सुधारत नाही. मूळ टेपवरून केल्याचं कव्हरवर स्पष्ट लिहिलं असेल तरच जास्त पैसे मोजा.

आणि आपल्याच मातीतलं जॅझ विसरू नका. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना सोबत घेऊन जो ताल हिंदी सिनेमात आणला, तो ताजच्या नाचघरातून आला होता. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी एकदा नुसत्या ट्रम्पेटकडे लक्ष देऊन ऐका. अशा रेकॉर्ड अजून परवडतात.

मैफलीला जाताना

नाशकात जॅझची मैफल क्वचित होते, मुंबईला जावं लागतं. पहिली चूक परतीची. पंचवटी एक्स्प्रेस मुंबईहून संध्याकाळीच निघते, म्हणजे नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या नाट्यगृहात दिवे मंद होतात तेव्हा ती गेलेली असते. मी एकदा बससाठी अर्ध्यातून उठले, आणि बाहेर पडताना मागे नेमका बलाड, म्हणजे संथ, हळवी रचना, सुरू झाला. आता आत्येकडे दादरला मुक्काम ठरवते आणि मगच तिकीट काढते.

दुसरी चूक ऐकण्याची. आपल्याला शास्त्रीय संगीताची सवय, दत्तात्रय विष्णु पलुस्करांचा जन्म या गावचा. त्या सवयीने आपण राग शोधतो, तो सापडत नाही आणि सगळं विस्कळीत वाटतं. काकांनी मात्र पहिल्याच मैफलीत आवर्तन शोधलं. बोटांवर मोजत माझ्या कानाशी म्हणाले, "चार-चार मात्रांचे बारा खंड. अठ्ठेचाळीस झाल्या की हे सगळे एकत्र येतात बघ." ते ब्लूज होतं, जॅझमधला एक जुना साचा. पुष्कळ जुन्या गाण्यांचं आवर्तन बत्तीस खंडांचं असतं. सुरुवातीची धून ही बंदिश, मग एकेकाने त्याच आवर्तनावर उपज करायची, शेवटी पुन्हा बंदिश. हे धरलं की हरवायला होत नाही.

टाळ्या एकेकाचं वाजवून झालं की द्याव्यात, तिथे तीच रीत आहे. ठेका धरून टाळ्या वाजवायच्याच असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पण बेसवादक एकटा वाजवू लागतो तेव्हा बाकीचे बहुधा थांबतात आणि प्रेक्षकांना वाटतं, मध्यंतर झालं. कुजबुज सुरू होते, पिशव्या उघडतात. तेवढा वेळ श्वाससुद्धा हळू घ्यावा, कारण संध्याकाळभर ज्याच्यावर सगळे उभे होते तो आत्ता बोलतोय.

फोनवर रेकॉर्डिंग करणं मी सोडलं. घरी ऐकलं तर त्यात शेजारच्या खुर्चीची करकर होती आणि मी स्वतः काय ऐकलं ते आठवत नव्हतं. आता तिकिटाच्या मागे वादकांची नावं, रचनांचा क्रम आणि कुठे अंगावर काटा आला ते लिहिते. ते तिकीट त्याच वादकाच्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये जातं. रेकॉर्ड अजून घेतलेली नसेल तर ते पुढच्या खरेदीच्या यादीला टाचलेलं असतं. आत्ता तिथे तीन आहेत.