ग्रंथालयातली बॅटरीवरची कुलपं: या चुका टाळा

पाऊस जोर धरू लागला की गोव्यातल्या ग्रंथालयांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "कुलपाचे सेल परत गेले." सेल वर्षभर चालतील असं पुस्तिकेत छापलेलं असतं, पण उन्हाळ्यात घातलेले सेल चवथीची सुट्टी संपेपर्यंत टिकत नाहीत. संदर्भ विभागाचं दार उघडत नाही, कुणीतरी बाजारात धावतं, नवे सेल पडतात, दार उघडतं आणि सगळे कामाला लागतात. सेल इतक्या लवकर का संपले, हा प्रश्न तसाच राहतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अकाली संपणाऱ्या सेलांमागे बऱ्याचदा दाराचीच तक्रार असते.

दार न तपासता सेल बदलणं

कुलूप अडखळायला लागलं की सगळ्यात आधी दार सताड उघडा आणि उघड्या दारावर कोड घालून किंवा कार्ड लावून कुलूप चालवा. मोटरचा आवाज नीट ऐका. मग दार बंद करून तेच परत करा. उघड्या दारावर कुलूप झटकन चालत असेल आणि बंद दारावर मोटर कण्हत असेल, तर कुलूप ठीक आहे. बोल्ट, म्हणजे कुलपातून बाहेर येणारा दांडा, चौकटीवरच्या पट्टीला घासतो आहे. खात्री करायची तर बंद दार हाताने थोडं आत ढकलून किंवा बाहेर ओढून पाहा. तेवढ्यानं कुलूप मोकळं झालं तर शंका उरत नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. काही कुलपांत मोटर स्वतः बोल्ट आत-बाहेर सरकवते. तिथे घासणाऱ्या बोल्टचा सगळा भार थेट सेलांवर येतो. बहुतेक ऑफिस-हॉटेलांत बसतात त्या प्रकारात मोटर फक्त हँडल आतल्या यंत्रणेशी जोडून देते आणि लॅच, म्हणजे चौकटीत अडकणारी स्प्रिंगची जीभ, आपण हाताने ओढतो. तिथे घासण्याचा त्रास सेलांपेक्षा हँडलला आणि त्याच्या स्प्रिंगला होतो. हँडल लोंबकळायला लागलं की समजावं. आपल्याकडचं कुलूप यातलं कुठलं, हे ग्रंथपालाला माहीत असलंच पाहिजे.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लाकूड ओल पितं तेव्हा ते रुंदीत फुगतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणजे दार नेमकं कुलपाच्या बाजूनेच चौकटीला लागतं. जुन्या चिऱ्याच्या इमारतींतली सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची दारं जड असतात, त्यात वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले पडले की दार खाली झुकतं आणि बोल्ट भोकाच्या खालच्या कडेवर टेकतो. म्हणून आधी वरची बिजागरी घट्ट करा. लहान स्क्रू नुसतेच फिरत असतील तर लांब स्क्रू घाला. तरीही घासत असेल तर चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीने जिथे घासतं तिथेच जरासं वाढवा. किती वाढवायचं ते कळायला बोल्टच्या टोकाला खडू लावून दार बंद करा. पट्टीवर खूण उमटते.

भर जुलैत सुताराला बोलावून दार रंधून घेणं ही चूक फार ठिकाणी होते. त्या वेळी आराम वाटतो, पण मार्चमध्ये तेच दार सुकून आकसतं, फट मोठी होते आणि लॅच पट्टीत नुसता टेकल्यासारखा बसतो. मग बाहेरून जोरात ढकललं तरी दार उघडतं. रंधा फिरवायचाच असेल तर पावसाळा सरून दार सुकल्यावर फिरवा आणि त्याच वेळी दाराची वरची व खालची कड रंगवून किंवा पॉलिश करून बंद करा. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून कोरड्या सोडल्या जातात, आणि लाकडाचे उघडे आडवे छेद तिथेच असल्याने ओल सगळ्यात जास्त तिथूनच आत शिरते.

दार आपोआप लावणारा क्लोजर असेल तर त्यावरचे दोन स्क्रू वेगवेगळे असतात: एक दाराच्या एकूण वेगाचा, दुसरा शेवटच्या काही अंशांतल्या वेगाचा. दुसरा फार मंद ठेवला तर लॅच पुरता बसत नाही, फार जोराचा ठेवला तर दार रोज आपटतं आणि कुलपातल्या जोडण्या ढिल्या होतात.

भिंतीवरच्या घड्याळाचे सेल कुलपाला घालणं

बहुतेक कुलपांना चार एए सेल लागतात, म्हणजे दीड दीड करून सहा व्होल्ट. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतात ते झिंक-कार्बनचे. घड्याळाला किंवा रिमोटला ते पुरतात, कारण तिथे प्रवाह अगदी थोडा लागतो. कुलपाची मोटर मात्र क्षणभर जोराचा घोट घेते आणि त्या क्षणी या सेलांचा व्होल्टेज कोसळतो. पुस्तिकेत अल्कलाइन लिहिलं असेल तर अल्कलाइनच घ्या. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. चार मिळून ४.८ होतात, आणि बरीच कुलपं याच्या आसपास सेल संपत आल्याचा इशारा द्यायला लागतात. पर्यावरणाच्या काळजीपोटी कुणी ते आणले असतील तर हेतू चांगला आहे, पण उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर ते दाराला वापरू नका. एकदाच वापरायचे लिथियम सेल टिकतात खूप, पण त्यांचा व्होल्टेज अखेरपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम खाली येतो. अल्कलाइनचा उतार ओळखण्यासाठी बनवलेल्या कुलपाला इशारा द्यायला वेळच मिळत नाही.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटरही इथे फसवतो. बाहेर काढलेला सेल १.४ व्होल्ट दाखवतो आणि आपण तो चांगला समजून परत घालतो. भाराखाली तोच सेल ढासळतो. याची एक खूण आहे. सकाळी पहिल्यांदा दार उघडतं, गर्दीच्या वेळी पाठोपाठ उघड-बंद झालं की अडतं, आणि थोडा वेळ थांबलं की परत चालतं. विश्रांती मिळाली की कमजोर सेल थोडा सावरतो. असं दिसलं की मोजमाप करत बसू नका, चारही सेल बदला.

चारही म्हणजे चारही. दोन नवे, दोन जुने असं घातलं की जुने लवकर रिकामे होतात आणि नवे त्यांच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात. सेल गळतो तो इथेच. एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले घ्या आणि घातल्याची तारीख कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. जादा पाकीट फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय सोडा. आपल्या दमट हवेत थंड सेल बाहेर काढला की त्याच्यावर दव धरतं. कपाटातली कोरडी जागा पुरे आहे.

गळून पांढरी पूड साचली असेल तर ते अल्कलाइन सेलातलं क्षार आहे. हातमोजे घाला, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून टोकं पुसा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर सेलाचा डबा बदलणं बरं. कव्हर परत लावताना बारीक वायर कडेला चेपली जात नाही ना, ते बघा. "नवे सेल घातले तरी चालत नाही" या तक्रारीत ही चेपलेली वायर बऱ्याचदा सापडते.

कुलूप वाय-फायवर चालत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना राउटरचं बटण बंद केलं जातं का? तसं असेल तर काही कुलपं रात्रभर नेटवर्क शोधत राहतात आणि सेल खातात. राउटर चालू ठेवा, नाहीतर रिमोटची सोय लागत नसेल तर वाय-फायच बंद करा.

चावी आत, कुलूप बाहेर

सेल पूर्ण गेल्यावर उघडण्याची सोय जवळजवळ प्रत्येक कुलपात असते. कुठे साधी चावी, कुठे बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवायचे दोन बिंदू, नव्या कुलपांत चार्जरची केबल लावायची जागा. हा ९ व्होल्टचा सेल कुलूप उघडत नाही. तो फक्त कुलपाला जागं करतो. सेल टेकवून धरायचा आणि मग नेहमीचा कोड किंवा कार्ड वापरायचं. हे माहीत नसल्यामुळे माणसं सेल टेकवून हँडल ओढत बसतात आणि शेवटी सुतार बोलावून दार फोडतात.

आणि ती आणीबाणीची चावी? ती त्याच खोलीतल्या टेबलाच्या खणात असते. चावी आणि ९ व्होल्टचा सेल त्या दाराच्या बाहेर, जबाबदार माणसाकडे, सही करून ठेवा. सहा महिन्यांतून एकदा चावीने दार उघडून पाहा. समुद्राजवळच्या हवेत कधीच न वापरलेली चावी हव्या त्या दिवशी फिरत नाही. चावीच्या भोकात खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि घट्ट लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड थोडीशी पुरते. गोव्यात आणखी एक पाहुणी असते: कुंभारीण माशी. सुट्टीच्या काळात ती चावीचं भोक किंवा चौकटीतलं बोल्टचं भोक मातीने लिंपून टाकते. बोल्ट अर्धाच बाहेर येत असेल तर टॉर्च घेऊन तिथे बघा.

संध्याकाळी आवाजावर विश्वास ठेवणं

वाचनालयाच्या वेळेत दार सतत मोकळं राहावं म्हणून कुलूप 'उघडं' ठेवण्याची सोय वापरतात आणि ठरलेल्या वेळी ते आपोआप बंद होतं. पण मधेच सेल गेले तर पुष्कळ कुलपं ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत राहतात. म्हणजे दार रात्रभर उघडं. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. गोव्यातल्या लहान वाचनालयांतही परत कुठे न मिळणारे मराठी अंक आणि जुनी पुस्तकं आहेत. त्यांच्या दाराची खात्री एका बीपवर सोडू नये. जाताना हँडल हाताने दाबून पाहायचं, एवढंच. सेल बदलल्यावर कुलपातलं घड्याळही तपासा. ते मागे पडलं असेल तर बंद होण्याची वेळ चुकते आणि कोण कधी आत गेलं याची नोंदही खोटी ठरते.

इशाऱ्याचा बीप बहुतेक वेळा शिपायाला किंवा सफाई करणाऱ्या बाईंना ऐकू येतो. "मॅडम, ते आठवडाभर वाजतंय" हे दार अडकल्यावर कळून उपयोग नाही. बीप ऐकला की नोंदवहीत लिहायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

एका चुकीबद्दल मात्र मी कुणाशीही भांडायला तयार आहे. कुलूप बेभरवशाचं वाटायला लागलं म्हणून आतून किंवा बाहेरून कडी-कोयंडा आणि टाळं लावलं जातं, तेही बाहेर पडण्याच्या दारावर. आत माणसं असताना ते दार आतून चावीशिवाय, कोडशिवाय, एका हातात उघडलंच पाहिजे. बाहेर पडण्याचं दार आतून चावीशिवाय उघडावं, हे राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. आतलं हँडल सेल काढून ठेवल्यावरही चालतं का, हे स्वतः करून पाहा. चालत नसेल तर ते कुलूप त्या दारावर ठेवू नका.

खारी हवा, एसी आणि फडकं

दुर्मीळ विभागात एसी चालू असतो आणि दाराबाहेर व्हरांड्यातली दमट हवा. कुलपाचं धातूचं अंग आतून थंड होतं आणि बाहेरच्या किपॅडवर दव धरतं. किपॅड पावसाळ्यात दुपारीच रुसत असेल तर हे कारण शोधा. बाहेरच्या प्लेटमागचं रबर जागेवर आहे का ते पाहा. किपॅडवर सॅनिटायझर किंवा कॉलिन थेट फवारू नका, फडक्याला लावून पुसा. किनाऱ्याजवळ नवं कुलूप घेत असाल तर बाहेरचे भाग ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत का विचारा. ३०४ वर मिठाच्या हवेने तपकिरी ठिपके लवकर येतात.

किपॅडवरचे चारच आकडे झिजले असतील तर कोड जवळपास सगळ्यांना कळलेला आहे. कोड बदला, कारखान्यातून आलेला मूळ मास्टर कोड अजून तसाच असेल तर तो आधी बदला, आणि सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं कार्ड परत मिळो न मिळो, यंत्रणेतून त्याच दिवशी काढा.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. प्लास्टिकच्या कोरड्या बरणीत साठवा आणि पालिका किंवा पंचायत वेगळा कचरा घेते तेव्हा द्या. ९ व्होल्टच्या सेलाची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्यांच्यावर चिकटपट्टी लावूनच तो बरणीत टाका.