फिट आली की या चुका टाळा

फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, हे कितीही सांगा, कोणीतरी चमचा घेऊन धावतोच. म्हणे जीभ गिळली जाईल. जीभ गिळता येत नाही, ती तळाशी जखडलेली असते. चावली जाते, बहुधा कडेला, आणि ती जखम भरून येते.

चमच्याने काय होतं ते पाहा. सुरुवातीच्या १०-२० सेकंदांत अंग ताठ होतं, दातखीळ बसते, छातीही आवळल्याने श्वास अडतो, ओठ निळे पडतात. नेमका तेव्हाच घाबरलेला नातेवाईक दातांत फट शोधतो. चमचा शिरेना म्हणून जोर लावतो आणि पुढचा दात तुटतो. मग हातपाय झडू लागतात, अन् तो तुकडा लाळेबरोबर श्वासनलिकेत जातो. फिट तर दोन मिनिटांत थांबलीच असती; आता दुर्बीण घालून दात काढायचा.

हात रिकामे ठेवा आणि आधी घड्याळ बघा. डोक्याखाली घडी केलेलं कापड, चष्मा बाजूला, गळ्याचं बटण सैल. झटके ओसरले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या. बहुतेक फिट १ ते ३ मिनिटांत थांबतात. ५ मिनिटं झाली किंवा शुद्ध न येता दुसरी आली, की रुग्णवाहिका. पहिलीच फिट, गर्भवती, डोक्याला मार, पाण्यात आलेली फिट, यांत तेवढंही थांबू नका.

हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा घोटही नको.

दुसरी खोड म्हणजे एका झटक्यावरून अपस्माराचा, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचा (मिरगीचा) शिक्का मारणं. रक्तातली साखर किंवा सोडियम घसरलं, मेंदूला संसर्ग झाला, रोजची दारू एकदम तुटली, तरी फिट येते. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना नुसत्या तापातही येते. साध्या चक्करेतही चार झटके दिसतात, पण तो माणूस लगेच भानावर येतो. मोठ्या फिटनंतर बराच वेळ गुंगी राहते. असं तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या, की अपस्मार धरतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाहीच, असंही नाही. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा: मान कुठे वळली, झटके एका बाजूला सुरू झाले का, डोळे उघडे होते का. ‘खूप हलत होता’ एवढ्यावर डॉक्टरांनी काय ठरवायचं?

बोलता बोलता ५-१० सेकंद शून्यात पाहणारं मूल दरवेळी बेफिकीर नसतं. तीही फिट असू शकते.

आणि सहा महिने फिट नाही म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारे! एकदम तोडलेल्या गोळ्यांमुळे लांबलेली, न थांबणारी फिट येऊ शकते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, तोही हळूहळू.