पाईनच्या लागवडीत विरळणी पुढे ढकलू नका

थंड हवेच्या प्रदेशात उन्हाळा सरला की साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे उडणे थांबते, आणि दाट पाईन विरळ करण्याचा योग्य काळ तेव्हाच सुरू होतो. थंडीच्या अखेरीस घाईने तोड केली तर ओल्या फांद्या ऐन वसंतात जमिनीवर पडून राहतात व भुंगेऱ्यांना तिथेच अंडी घालायला जागा मिळते. म्हणून काढायच्या झाडांवर खुणा याच आठवड्यात करून घ्याव्यात. खताची किंवा गवताची हयगय झाली तर वाढ मागे पडते, परंतु विरळणी दोन-चार हंगाम लांबल्यामुळे वीस वर्षांची उभी झाडे हातची गेलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

२ बाय २ मीटरवर लावलेली हेक्टरी २५०० रोपे सुरुवातीला विरळच वाटतात. छत्रे एकमेकांना भिडली की प्रकाशासाठी व पाण्यासाठी ओढाताण सुरू होते आणि सावली न सोसणाऱ्या या झाडांत मागे पडलेली बारकी झाडे आधी वाळतात. अमेरिकी वनशास्त्रज्ञ राइनेके यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार गच्च वनातील खोडांचा सरासरी व्यास १० सेंटिमीटरवरून २० वर गेला, की झाडांची संख्या साधारण एक तृतीयांश उरते. अशा मेलेल्या झाडाचा बुडखा कापून पाहावा: आतली वलये रुंद असतात, तर सालीजवळची इतकी दाटलेली की ती नखाने मोजता येत नाहीत. झाडाची उपासमार अनेक वर्षे चालली होती, हे तिथे दिसते.

मोजणीला खर्च नाही. ५.६४ मीटर दोरी त्रिज्या धरून वर्तुळ आखल्यास १०० चौरस मीटर क्षेत्र मिळते. त्यातील झाडांना १०० ने गुणले की हेक्टरी संख्या निघते. असे निदान सहा ठिकाणी करावे. दोन झाडांतील सरासरी अंतर सर्वांत उंच झाडांच्या उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढे असावे, हा माझा अडाखा आहे. १५ मीटर उंचीला ३ मीटर, म्हणजे हेक्टरी सुमारे ११०० झाडे. हिरवे छत्र उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी उरले असेल, किंवा १५ मीटरच्या झाडाचा व्यास जेमतेम १५ सेंटिमीटर असेल, तर उशीर झालाच आहे. अशा वनातून एकदम निम्मी झाडे काढू नयेत. उरलेली काटकुळी झाडे पहिल्याच वादळात आडवी होतात.

दाट वनाला महागडे वाढवर्धक किंवा खत देण्याचा विक्रेत्याचा सल्ला ऐकू नये. खताने झाडे लवकर जाड होतात, त्यामुळे गर्दीतली मरही लवकर येते. आत शिरलेल्या भुंगेऱ्यावर बाहेरून फवारणी केल्याने झाड वाचत नाही. हेटेरोबेसिडियन या बुरशीमुळे होणाऱ्या मूळकुजीचा प्रादुर्भाव असलेल्या भागात मात्र ताज्या बुडख्यांवर डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट या बोरॉनच्या क्षाराचे ५ टक्के द्रावण लेबलवरील सूचनांप्रमाणे लगेच लावावे.

नेहमीची कामे: जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) साफ करणे, वेली कापणे, खालच्या वाळक्या फांद्या छाटणे, तोडलेल्या लाकडाचे ८ सेंटिमीटरहून जाड तुकडे बाहेर नेणे किंवा उन्हात सुट्टे पसरणे. हे तुकडे उभ्या झाडांना टेकवून रचू नयेत.

जुन्या वनात चित्र बदलते. तिथे मर केवळ गर्दीमुळे येत नाही. वारा, वीज, कूज आणि भुंगेरे मोठ्या झाडांनाही पाडतात, आणि मधल्या वयात बरेचसे समान झालेले अंतर मोडून मोकळ्या जागा तयार होतात. एखादे बारके झाड वाळल्यास काळजीचे कारण नाही. लगतची चार-पाच जाड झाडे एकदम तांबूस झाली, तर भोवतालच्या हिरव्या झाडांच्या सालीच्या भेगांत राळेचे बारीक गोळे व तपकिरी भुसा शोधावा, कारण लाल झालेल्या झाडातून भुंगेरे बहुधा निघून गेलेले असतात आणि आधी काढायची असतात ती ही हिरवी दिसणारी झाडे.