ऊन गेलेल्या घरात ऑर्किडसाठी दिवे

पुण्यात कोथरूडच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात पूर्वेच्या खिडकीतून सकाळी साडेसात ते दहा कोवळं ऊन यायचं. त्या अडीच तासांच्या उन्हावर माझी चौदा ऑर्किड वर्षानुवर्षं फुलली. मग समोरचा बंगला पाडला, तिथे अकरा मजले चढले आणि खिडकीत फक्त उजेड उरला, ऊन गेलं.

पहिल्या वर्षी मला काही कळलंच नाही. पानं उलट मोठी झाली, काळपट हिरवी, चकचकीत. येणारेजाणारे म्हणायचे, काय तजेलदार दिसतायत! पण फुलाची दांडी एकालाही आली नाही. आज कुणी मला काळपट हिरव्या, लांबट, खाली लोंबणाऱ्या पानांच्या ऑर्किडचा फोटो पाठवला, की मी एवढंच सांगते: झाड उपाशी आहे. प्रकाश कमी पडला की पान हरितद्रव्य वाढवतं, म्हणून ते गडद दिसतं. फॅलेनॉप्सिस या प्रकारच्या ऑर्किडचं पान पोपटीकडे झुकणारं हिरवं हवं. कडांना तांबूस-जांभळी झाक आली तर प्रकाश पुरेपूर मिळतोय, आणि पान पिवळट पडलं तर जास्त होतोय.

आपले डोळे इथे फसवतात. खिडकीपाशी मला पेपर आरामात वाचता येत होता, म्हणून तिथे पुरेसा प्रकाश आहे असं मी धरून चालले होते. मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते, मोजायचं ॲप घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर दुपारी मोजलं तर आकडा आला ९००. पावसाळ्यात भरून आलेल्या दिवशी ४०० च्या आत. भर उन्हात मोकळ्यावर हाच आकडा एक लाखापर्यंत जातो. फॅलेनॉप्सिसला साधारण १०,००० ते १५,००० लक्स लागतात असं म्हणतात, पण तो हिशोब भर दिवसातल्या चढत्या-उतरत्या उन्हाचा आहे. दिवा बारा तास एकसारखा जळतो, त्यामुळे दिव्याखाली सहा ते आठ हजारांवर फॅलेनॉप्सिस खुशाल फुलतं. ९०० वर मात्र नाही.

म्हणून दिवे घ्यायला निघण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. तुमच्याकडे कोणती ऑर्किड आहेत, आणि ती जिथे ठेवायची त्या जागेची लांबी-रुंदी किती. फॅलेनॉप्सिस आणि पॅफिओपेडिलम थोड्या प्रकाशावर भागवतात. डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, कॅटलिया यांना त्याच्या दुप्पट तरी हवा. व्हँडाला घरात दिव्याखाली जगवायचा खटाटोप करू नका. माझी व्हँडा मी बहिणीच्या गच्चीवर नेऊन टांगली, तिथे ती सुखात आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती बहुतेक जण करतात. मी पहिला दिवा ऑनलाइन मागवला, लाल-निळ्या दिव्यांचा जांभळा पॅनल. खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॉट. पुतण्याने प्लगमध्ये लावायचा वीज मोजणारा मीटर आणला, त्यात आकडा दिसला ९२. खोक्यावर छापलेले असले वॉट म्हणजे ‘जुन्या अमुक दिव्याइतका’ असा विक्रेत्याचा दावा असतो, प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज नव्हे. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. त्या जांभळ्या उजेडात सगळी झाडं सारखी, काळपट दिसायची. पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, ही झाडावरची कीड, शिरला होता तो मला दिसलाच नाही. एक कुंडी पाणी घालायला स्वयंपाकघरात आणली, ट्यूबखाली धरली, तेव्हा पानाच्या तळाशी कापसाचे पुंजके दिसले. तोवर शेजारच्या दोन झाडांचा गाभा गेला होता. ती दोन्ही मी एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाहून आणली होती. अजून हळहळ वाटते.

झाडांना फक्त लाल आणि निळाच प्रकाश लागतो, ही समजूत अर्धवट आहे. १९७२ मध्ये कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने बावीस पिकांच्या पानांवर मोजमाप करून दाखवलं की हिरवा आणि पिवळा प्रकाशही पान बऱ्यापैकी वापरतं. साधा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळसर लेप. त्यातून निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग थोडेफार निघतात. ऑर्किडला तेवढे पुरतात, आणि आपल्याला झाड खऱ्या रंगात दिसतं. मी तर म्हणेन, दिवा निवडताना ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच धरा. रोज ज्याच्याकडे बघता येत नाही, त्या झाडाची काळजी घेता येत नाही.

तर मी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. दुकानदार म्हणाले, “काकू, झाडांना लावायचेत ना? मग हे गुलाबी न्या, स्पेशल आहेत.” मी म्हटलं, मला साधे चार फुटी पांढरे बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे लांब एलईडी दिवे दाखवा, आणि खोक्यावर ल्युमेन, म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश निघतो ते, छापलेलं असेल तेच दाखवा. वीस वॉटचे, दोन हजार ल्युमेनचे बॅटन निघाले, म्हणजे वॉटला शंभर ल्युमेन. याच्या खालचा घेऊ नका. तेवढीच वीज जाते आणि प्रकाश कमी पडतो. ज्याच्या खोक्यावर ल्युमेन लिहिलेलेच नाहीत तो तर हातातही धरू नका. रंगाचं म्हणाल तर (पांढऱ्याची छटा केल्विनमध्ये सांगतात) ४००० केल्विनपासून ६५०० केल्विनपर्यंत कुठलाही चालतो. ६५०० चा पांढरा निळसर असतो, दवाखान्यासारखा. दिवे बैठकीच्या खोलीत लावायचे असतील तर ४००० घ्या, संध्याकाळी डोळ्यांना त्रास होत नाही. महागडे खास ‘ग्रो लाइट’ वाईट असतात असं नाही. चांगल्या बनावटीचे तेवढ्याच विजेत जास्त प्रकाश देतात. पण पाच-पंधरा कुंड्यांसाठी त्यांची गरज मला कधी भासली नाही.

किती बॅटन, हा खरा प्रश्न. माझा रॅक चार फूट लांब, दीड फूट रुंद. एका फळीवर दोन बॅटन, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, पानांच्या वर वीस सेंटिमीटर. मधोमध मोजलं तर सात हजारांच्या आसपास लक्स. फॅलेनॉप्सिसला एवढं बस्स. डेंड्रोबियमच्या फळीवर चार बॅटन लावलेत आणि ते दोन तास जास्त चालतात.

अंतराचं गणित नीट समजून घ्या, कारण अर्धी फजिती तिथे होते. चार फुटी ट्यूबपासून पान दुप्पट लांब गेलं की प्रकाश साधारण निम्मा होतो. गोल बल्बपासून दुप्पट लांब गेलं तर चौथाईच उरतो. म्हणून छताच्या बल्बखाली स्टुलावर ऑर्किड ठेवून फूल येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांना मधल्यापेक्षा जवळजवळ निम्माच प्रकाश पडतो. माझ्या फळीच्या टोकांना पॅफिओपेडिलम आहेत आणि मध्ये फॅलेनॉप्सिस. रॅकच्या मागे पांढरा फ्लेक्स लावला, पांढरी बाजू आत करून. तेवढ्यानेच मागच्या ओळीतला आकडा चांगला वाढला.

मोजायचं कसं? फोन पानाच्या उंचीवर आडवा, स्क्रीन वर करून ठेवा. प्रकाशाचा सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याच्या शेजारी असतो, त्यावर बोटाची किंवा डोक्याची सावली पडू देऊ नका. दोन फोन दोन आकडे दाखवतील, पण एकाच फोनने इथे आणि तिथे मोजलं तर तुलना पक्की होते. फोनही नको असेल तर तळहात पानाच्या वर वीतभर धरा. सावलीची कड मऊ, पण बोटं ओळखू येतात, तर फॅलेनॉप्सिसला ठीक. सावली उठतच नसेल तर प्रकाश कमी. एकाच दिव्याखाली हे उत्तम कळतं. दोन-चार ट्यूब असल्या की सावल्या एकमेकींत मिसळतात, तिथे मोजणंच बरं.

नवीन दिवे लावल्यावर लगेच बारा तास चालवू नका. अंधाराला सरावलेलं पान एकदम प्रकाशात आलं की त्यावर फिकट चट्टा पडतो, तो पुढे काळा होतो आणि जात नाही. पहिला आठवडा सात-आठ तास, मग दर आठवड्याला दोन तास वाढवा. दुपारी पानाला हात लावून बघा. पान कोमट लागलं तर दिवा वर घ्या.

आणि रात्री अंधार हवाच. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, बरीचशी डेंड्रोबियम दिवसा पानावरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री आत घेऊन साठवतात आणि दिवसा प्रकाशात वापरतात. झाडावर, खोडाला धरून, तुटपुंज्या पाण्यावर जगायची ही त्यांची रीत आहे. आपल्या सह्याद्रीतल्या सीतेची वेणी या ऑर्किडची मुळं बघा, मातीचा कणही नसतो. तेव्हा चोवीस तास दिवा लावून जास्त फुलं येतील असं वाटत असेल तर ते सोडून द्या. माझे फॅलेनॉप्सिसचे दिवे सकाळी साडेसहाला लागतात, संध्याकाळी साडेसहाला विझतात.

त्यासाठी टायमर घ्या, आणि आत बॅटरी असलेला डिजिटलच घ्या. मी आधी चकतीचा, खटक्यांचा घेतला होता. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज गेली की चकती थांबते. तीन-चार गुरुवार झाले आणि दिवे रात्री नऊ-दहापर्यंत जळायला लागले. बॅटरीचा टायमर वेळ चुकत नाही.

विजेचा खर्च काढायला सोपा आहे. दोन बॅटन चाळीस वॉट, बारा तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटला थोडं कमी, महिन्याला जवळजवळ साडेचौदा युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा.

पाण्याजवळ वीज आहे हे विसरू नका. फवारा मारताना दिवे बंद. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड फळीवर किंवा जमिनीवर ठेवू नका, भिंतीला उंचावर ठोका. ट्यूबवरची धूळ महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. आमच्या आसपास अजून दोन इमारती बांधल्या जातायत, मी पंधरा दिवसांनी पुसते.

दिव्याने काम केलं हे आधी पानात दिसत नाही, मुळात दिसतं. महिन्याभरात माझ्या एका कुंडीच्या काठावरून करड्या, सुकल्यासारख्या मुळाला टोक फुटलं, ओल्या हिरव्या मण्यासारखं. मी चष्मा लावून पाच मिनिटं बघत बसले. असं टोक दिसलं की खत सुरू करा, अगदी पातळ, आणि पाणीही थोडं वाढवा; प्रकाश वाढला की झाडाची भूकतहान वाढते.

फुलाच्या दांडीसाठी मात्र फॅलेनॉप्सिसला प्रकाशासोबत गारवाही लागतो. काही आठवडे पंचविसाच्या खालचं तापमान मिळालं की दांडी सुटते. पुण्याची हवा यात आपल्या बाजूने आहे. नोव्हेंबर लागला की मी रात्री रॅकशेजारची खिडकी बोटभर उघडी ठेवते. थेट वारा नको, आणि घरात पंधराच्या खाली जात असेल तर खिडकी लावून घ्या.

डिसेंबरात पानाच्या खालून काहीतरी डोकावेल. मूळ असेल तर टोक गोल आणि गुळगुळीत. दांडी असेल तर टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं. ते दिसलं की कुंडी फिरवू नका. दांडी दिव्याच्या दिशेने वाढते, कुंडी फिरवली की तीही वळते, आणि मग कळ्या एका ओळीत लागत नाहीत. मी कुंडीवर आणि फळीवर खडूने एकेक रेघ मारून ठेवते, म्हणजे पाणी घालून परत ठेवताना कुंडी जशीच्या तशी बसते.