पाऊस लागण्याआधी: पाण्याला शेताच्या माथ्यावरच गाठा

पावसाळा तोंडावर आला की बांधाची डागडुजी निघते, आणि बहुतेक वेळा ती शेताच्या खालच्या टोकाला निघते, कारण फुटलेला बांध तिथेच दिसतो. पण तिथे पोचेपर्यंत पाण्याने वेग घेतलेला असतो. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो आणि ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन हिशेबाने 64 पट वाढते. हाताशी थोडेच दिवस असतील तर सुरुवात वरून करा.

मातीची धूप, म्हणजे माती सुटून वाहून जाणे, खरे तर पाणी वाहू लागण्याआधीच सुरू होते. 5 मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने आदळतो. उघडी ढेकळे फुटतात, बारीक कण मातीच्या छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि मुरायचे पाणी वाहायला लागते. पुढची सालकाढी धूप, म्हणजे वरचा पातळ थर सगळीकडून सारखा जाणे, तर डोळ्यांना दिसतही नाही. हेक्टरभर शेतातून 1 मिलिमीटर थर गेला म्हणजे 10 घनमीटर, वजनात सुमारे 13 टन माती गेली. त्यातही आधी जातात ते सेंद्रिय पदार्थ आणि बारीक कण, म्हणजे खत धरून ठेवणारा भागच. म्हणून काडीकचरा जाळू नका, पसरून ठेवा. थेंब काडीवर फुटला की मातीला मार बसत नाही. कुळवाची शेवटची पाळी आणि पेरणी उताराला आडवी करा. ट्रॅक्टरला उभे तास सोपे जातात हे खरे, पण प्रत्येक उभे तास म्हणजे पाण्याला आयती वाट.

आडवे म्हणजे नेमके कुठून, हे नजरेने ठरवू नका, नजर फसते. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यातून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडा. चौकट कुठेही उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका आणि दोरी पट्टीवर जिथे येईल तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर ती पुन्हा उभी करा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, दोरी त्या खुणेवर आली की खुंटी ठोकत पुढे सरका. खुंट्यांची ती ओळ म्हणजे तुमची समतल रेषा. थोडी नागमोडी होईल, होऊ द्या. याच रेषेवर वाळ्याची रोपे पावसाच्या सुरुवातीला जवळजवळ लावली तर दाट कुंपण तयार होते. त्यामागे गाळ अडून उतार हळूहळू मोडतो.

मातीचा बांध घालायचा तर जमीन बघा. हलक्या, मध्यम जमिनीत समतल बांध चालतो. खोल काळ्या चिकण जमिनीत मात्र तो घालू नका: उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, पावसात मागे पाणी तुंबून पीक पिवळे पडते आणि शेवटी बांध फुटतो. तिथे ढाळीचे, म्हणजे पाणी हळूहळू बाजूला काढून देणारे किंचित उताराचे बांध घाला. 100 मीटरला 20 ते 40 सेंटिमीटर इतका ढाळ बस झाला. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाट! उंच बांधापेक्षा दगडाने बांधलेला चांगला सांडवा मला जास्त मोलाचा वाटतो. त्याचा तळ बांधाच्या माथ्याहून पुरेसा खाली हवा आणि बाहेर पडणारे पाणी कुठे जाणार हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठरवायला हवे. उंदीर-खेकड्यांची बिळे आताच खणून, माती ठासून बुजवा.

शेतात घळ पडली असेल तर ती वरच्या, पाणी पडते त्या तोंडापासून मागे मागे खात जाते. आधी त्या तोंडाकडे येणारे पाणी वरून वळवून सुरक्षित वाटेने काढा, मग वरून खाली दगडांचे छोटे बांध रचत या. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत आला की अंतर बरोबर. बांध मध्ये खोलगट ठेवा आणि दोन्ही टोके काठात घुसवा, नाहीतर पाणी बाजूने माती कापून बांध एकटा सोडते. पाणी पडते तिथे खाली दगड अंथरा.

नदीकाठच्या शेतात काठापर्यंत नांगर नेऊ नका. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ तुटतो, आतल्या बाजूला गाळ साचतो. बाहेरच्या बाजूचे शेत असेल तर गवत आणि झाडांचा पट्टा रुंदच ठेवा. वाऱ्याने माती उडत असेल तर झाडांची ओळ भिंतीसारखी गच्च नको, थोडी झिरपती हवी; गच्च ओळीमागे वारा भोवरे करून उतरतो.

डोंगर उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडे कलली, अचानक नवे झरे फुटले किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले तर ते शेतीचे काम नव्हे. उताराखालून माणसे-जनावरे लगेच हलवा आणि प्रशासनाला कळवा.

पहिला मोठा पाऊस पडताना, विजा नसतील तर, छत्री घेऊन शेतात फिरा. पाणी कुठून आत येते, कुठे एकत्र होते, कुठे गढूळ होते तिथे खुंट्या मारा. पाऊस उघडला आणि वाफसा आला की पहिली कुदळ त्या खुंट्यांपाशी, अगदी वरच्या खुंटीपासून.