मातीतून निघालेलं जुनं बटण ओळखायचंय? आधी उलटं करून बघा

मेटल डिटेक्टरवर नाण्यासारखा झकास सिग्नल येतो, खणलं की निघतं एक सपाट गोल बटण, वर नक्षी नाही काही नाही, आणि बरेच जण ते सरळ भंगाराच्या पिशवीत टाकतात. प्लीज असं करू नका. बटणाचं वय बहुतेक वेळा त्याच्या पाठीवर असतं.

आणि उलटं केल्यावर लगेच घासायला घेऊ नका. लिंबू, व्हिनेगर, पॉलिश तर अजिबात नको, कारण जुन्या पितळी बटणांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असायचा, तो एकदा गेला की गेलाच. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश आणि बांबूची काडी एवढं बास. कथलाचं बटण असेल आणि कडा भुगा होत असतील तर पाणी पण लावू नका, नुसतं सुकू द्या.

आता पाठ. मधे जी शिवायची कडी असते ती कशी बसवलीय ते बघा. कडी बटणासोबतच ओतलेली, तिच्या बुडाला मातीच्या ढिगासारखा उंचवटा, आजूबाजूला लेथवर फिरवल्याच्या बारीक गोल रेषा आणि धातू राखाडी-पांढरट, फारसा न गंजलेला, तर ते बहुतेक टॉम्बॅकचं, म्हणजे तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं, 18व्या शतकातलं बटण. सपाट चकतीवर तारेची कडी वेगळी झाळलेली असेल तर साधारण 18व्या शतकाचा शेवट ते 19व्याचा पूर्वार्ध. कडी तुटून गेली असली तरी झाळल्याचा डाग राहतो, तो शोधा.

याच सपाट बटणांवर टॉर्च एकदम आडवा धरून भिंगातून बघा, कडीभोवती गोलाकार अक्षरं उमटतात, ‘ट्रेबल गिल्ट’ (तिहेरी मुलामा), ‘रिच गोल्ड’, ‘लंडन’, मधे छोटे तारे नाहीतर ठिपके, आणि अक्षरांच्या खाचेत कधीकधी मुलामा अजून चमकत असतो! असं काही दिसलं तर कोरं बटण कोरं राहतच नाही. ब्रिटनमधे 1796 साली मुलाम्याच्या बटणांवर कायदाच झाला, म्हणजे खोटी क्वालिटी छापून विकायचे लोक तेव्हाही होते.

दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेलं, आतून पोकळ बटण असेल तर ते 1813 नंतरचं धरा, बेंजामिन सँडर्सचं पेटंट त्या साली आलं. चार भोकांचं पितळी बटण बहुतेक पँटचं, त्यावर टेलरचं नाव असेल तर तुम्ही नशीबवान, कारण जुन्या डिरेक्टरीत दुकान शोधून काळ बराच नेमका काढता येतो.

मिलिटरीचं असेल तर पुढची बाजूही तितकीच बोलते. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर रेजिमेंटचा नंबर 1767 पासून यायला लागला, साध्या शिपायांच्या बटणांवरून तो नंबर 1871 मधे गेला आणि सगळ्यांना एकच कॉमन डिझाइन आलं. नेव्ही ऑफिसरच्या बटणावर नांगराच्या वर मुकुट असेल तर 1812 किंवा नंतरचं. मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आणि बटण नवीन दिसतंय, तर बहुधा 1953 नंतरचं, पण व्हिक्टोरियाच्या काळातही तसे मुकुट असायचे म्हणून पुन्हा पाठ बघाच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. बुटांची बकलं 1660 ते 1790 च्या आसपास जोरात होती, मोठी, वक्र, नक्षीदार असतात. मुकुटाखाली दोन हृदयं असलेली छोटी जोडबटणं (कफलिंकसारखी) 17व्या शतकाच्या उत्तरार्धातली, ती फार सुंदर असतात, जपून ठेवा. टिच बटण 1885 नंतरचं. आजच्यासारखी कपड्याची चेन (झिप) 1913 नंतरची, त्यामुळे त्याच खड्ड्यात खोलवर चेनचा तुकडा निघाला तर माती कधीतरी उकरली गेलीय असं समजा आणि खोलीवरून बटणाचं वय ठरवू नका.

ओळखायला कुणाला फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा काढा, बाजूला मिमीची पट्टी ठेवा, कारण 25 मिमीच्या आसपासचं बटण कोटाचं आणि 15-18 वालं वेस्टकोटचं किंवा बाहीचं असायची शक्यता जास्त.